जाळीवरचे थर

“हात सैल सोडा काका, मूठ आवळू नका,” असं म्हणत कपिलनं हंबीररावांचा उजवा हात टेबलाला जोडलेल्या फळीवर उताणा ठेवला आणि मनगटाला गार औषध फासलं. तपकिरी ओघळ कोपराकडं निघाला, तो त्यानं बोळ्यानं टिपला. मग त्याचं लक्ष अंगठ्याकडं गेलं. पेराच्या खाली आडवी चीर होती, वर काळी खपली धरलेली.

“मॅडम, इथं जखम आहे.”

डॉ. राजनंदिनी हातमोजे चढवत पुढं आल्या. मूळच्या वाईच्या, पुण्यात शिकून सांगलीच्या या हृदयाच्या दवाखान्यात लागलेल्या. वयानं हंबीररावांच्या थोरल्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी अंगठा उजेडाकडं वळवला.

“हे कशानं झालं?”

“कात्री लागली. बागंची छाटणी हुती.”

“कधी?”

“झालं असंल आठ दिस.”

“रक्त लवकर थांबलं?”

“लगीच. चिंधी गुंडाळली अन् फुडची वेल धरली.”

खपलीवर पट्टी चिकटवायला डॉक्टरांनी कपिलला सांगितलं. पण पट्टी चिकटून होईपर्यंत त्यांची नजर अंगठ्यावरून हलली नाही.

खोली बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसारखी गार होती. हंबीररावांच्या छातीवर डोक्याएवढं यंत्र टांगलेलं होतं आणि ते आपोआप इकडून तिकडं सरकत होतं. गेल्या महिन्यापासून विहिरीवरून रस्त्यापर्यंतचा चढ चढताना त्यांची छाती आवळायला लागली होती. त्यांनी ते दुखणं अंगावर काढलं असतं, पण रहिमतपूरला दिलेली मुलगी शिवांजली रोज फोनवरून मागं लागली. नेहमीच्या तपासणीत, हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या जुन्या जाळीच्या जागी वाहिनी बारीक झालेली दिसली. ती का झाली ते मात्र कळेना. तेव्हा डॉक्टरांनी नव्या यंत्राची गोष्ट काढली.

आजवर आपण बाहेरून सावली बघत होतो, असं त्यांनी हंबीररावांना समजावलं होतं. हा कॅमेरा आत जातो. काडेपेटीतल्या काडीहून बारीक नळी, तिच्या टोकाला उजेड. औषध सोडून रक्त क्षणभर बाजूला सारायचं आणि तेवढ्यात नळी मागं ओढायची. जाळीची तार न् तार दिसते.

“बघा की मग,” हंबीरराव तेव्हा म्हणाले होते. “जाळी साताऱ्याची हाय. माल चोख हाय.”

आताही त्यांनी मान वळवून कपिलला सांगितलं, “त्यो टीव्ही हिकडं फिरीव जरा. माजीच जाळी, मला नगं व्हय बघाया?”

कपिलनं डॉक्टरांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. पडदा वळला.

कपिलच्या चेहऱ्यावर सकाळपासूनच एक आदर होता. कागदावर गावाचं नाव वाचून त्यानं विचारलं होतं, मळेवाडीचे हंबीरराव म्हणजे औषधवाले का? त्याचा मामा शेजारच्याच गावचा. मामाची द्राक्षबाग याच माणसाच्या फवारणीच्या सल्ल्यानं उभी राहिली, असं त्यानं डॉक्टरांनाही ऐकवलं होतं. हंबीररावांना ते आवडलं होतं. उघड्या अंगानं टेबलावर पडलेल्या माणसाला तेवढाच एक सदरा.

“श्वास रोखा.”

छातीत ऊब पसरली. डोक्यामागं काहीतरी घरघरलं आणि थांबलं. एवढंच.

पडद्यावर एक गोल उमटला. तांबूस सोनेरी, कापलेल्या खोडाचा आडवा छेद असावा तसा. गोलाच्या कडेनं चमकते ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्यामागं एक काळी पट्टी.

“हे ठिपके म्हणजे जाळीच्या तारा,” डॉक्टर म्हणाल्या. “तारेतून उजेड पलीकडं जात नाही, म्हणून मागं सावली पडते. या बाजूला बघा. तारांवर पातळ कातडी आलीय. असंच भरून यायला पाहिजे.”

“म्हनलं न्हवतं?” हंबीरराव कपिलकडं बघत म्हणाले.

डॉक्टर एकेक चित्र पुढं सरकवत राहिल्या. गोलामागून गोल जात होते. मग त्यांचा हात मंदावला. तारांवरची कातडी नाहीशी झाली. काही तारा उघड्या, काही भिंतीपासून सुटून आत लोंबत असलेल्या. आणि एका बाजूनं गोलाच्या आत एक गोळा घुसलेला होता, खरबरीत, कडा फाटलेला. त्याच्या मागं एवढी मोठी सावली होती, की अर्धा गोल तिनंच गिळला होता.

कपिल पडद्याकडं वाकला.

“काय हाय त्ये?”

“रक्ताची गुठळी.”

डॉक्टरांनी चित्र मागं नेलं, पुढं आणलं, मोठं केलं. मग हातातल्या पेननं पडद्यावर एक वाकडी रेघ दाखवली. तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली आणखी एक.

“आणि ही एकटी नाही. हिच्या बुडाला थर आहेत. गुठळी धरली, पूर्ण विरघळली नाही, तिच्यावर कातडी आली. पुन्हा धरली, पुन्हा कातडी आली. प्रत्येक खेपेला वाट थोडी अरुंद झाली. सगळ्यांत वरची ही अगदी ताजी आहे.”

हंबीरराव थर बघत राहिले. ज्याचं आयुष्य द्राक्षाच्या मांडवाखाली गेलं, त्याला थर समजावून द्यावे लागत नाहीत. वेलीच्या ओलांड्यावर, तारेवर आडव्या धरलेल्या फांदीवर, जिथं दरसाल कात्री लागते, तिथं गाठीवर गाठ धरते. ओलांड्यावरून नुसता हात फिरवून हंबीरराव सांगत, की ही वेल किती छाटण्या बघून बसलीय. पडद्यावरचे थर त्यांनी मोजले नाहीत. साताऱ्यात जाळी बसल्यापासून जेवढ्या छाटण्या झाल्या, तेवढेच ते असणार, हे त्यांना डोळे मिटूनही ठाऊक होतं.

“काका, रक्त पातळ करायची गोळी मधे कधी बंद केली होती?”

“न्हाई.”

“एखादा दिवस विसरलात, असं नाही म्हणत मी. चांगले आठ-पंधरा दिवस. बहुतेक दरवर्षी.”

“न्हाई म्हनलं की. औषधाचा मी लय कडक हाय. इचारा ह्या पोराला.”

कपिलनं घाईनं मान हलवली.

डॉक्टरांनी पडद्यावरून नजर वळवली. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला.

“आत काय झालंय, ते मला कॅमेरा दाखवतो. का झालं, ते तुम्हीच सांगायचं. गोळी चालू असताना हे झालं असेल, तर ती गोळी तुम्हाला लागू पडत नाही. मग मला जास्त कडक द्यावी लागेल, आणि तिच्यानं पोटात, मेंदूत रक्त वाहू शकतं. बंद असताना झालं असेल, तर तीच गोळी न चुकता घेतली की भागेल. दोन वाटा आहेत. म्हणून परत विचारते.”

हंबीररावांनी छताकडं पाहिलं. छातीवरचं यंत्र थांबलं होतं. कपिल हातात बोळा घेऊन उभा होता. संध्याकाळी हा पोरगा मामाला फोन करणार.

“चालू हुती,” ते म्हणाले.

“बरं.”

डॉक्टर कामाला लागल्या. वाहिनीत औषध सोडलं, फुगा नेऊन सुटलेल्या तारा भिंतीला दाबल्या आणि नळी बाहेर काढायला घेतली. काढता काढता त्या बोलल्या, ते हंबीररावांपेक्षा कपिलला सांगितल्यासारखं होतं.

“जाळी जुनी आहे म्हणून निभावलं. ताजी जाळी असती आणि गोळी बंद असती, तर बहुतेक कॅमेरा घालायला माणूसच उरला नसता. लोकांना कळत नाही. गोळी सोडली तरी चार-पाच दिवस तिचा अंमल असतो, आणि माणसाला वाटतं, बघा, काही झालं नाही. अंमल उतरल्यावर मग बघता बघता खेळ आटोपतो.”

मनगटातून नळी सुळकन निघाली, तेव्हा हंबीररावांच्या डोळ्यांपुढं कोंडीबा उभा होता.

तासगावच्या अलीकडं, रस्ता सोडून आत असलेल्या मळेवाडीत औषध म्हटलं की हंबीरराव. वेलींवर डावणीचा रोग पडला, भुरी दिसली, ऐन फुलोऱ्यात ढग धरले, की माणसं त्यांच्या दाराशी. कुठलं औषध, किती मात्रा, आणि मुख्य म्हणजे थांबायचं कधी. द्राक्ष परदेशी जाणार असलं, तर तोडणीआधी फवारणी वेळेत बंद करावी लागते; नाहीतर मण्यात औषधाचा अंश सापडतो आणि सगळा माल माघारी येतो. हंबीररावांचा माल कधी माघारी आला नव्हता. “मारायचं काय, कुनीबी मारतंय,” ते म्हणत. “थांबायचं कवा, ह्ये कळाया पायजे.”

हृदयाचा झटका त्यांना मुलीच्या घरी, रहिमतपूरला आला होता. जावयानं गाडीत घालून साताऱ्याला नेलं आणि तिथं जाळी बसली. त्या साली छाटणीत बोटाला कात्री लागली तर रक्त दिवस मावळेपर्यंत थांबेना. दोन पंचे भिजले, गडीमाणसं कात्र्या टाकून बघत बसली. छाटणीचं काम असं अडून चालत नाही. काडी छाटली की कोंबांचे डोळे फुटावेत म्हणून लगोलग पेस्ट लावावी लागते आणि ती पेस्ट उघड्या जखमेवर निखाऱ्यासारखी भाजते. हंबीररावांनी विचार केला, फवारणी थांबवतो तशी ही गोळीपण थांबवू. कात्री हातात आहे तोवर बंद, कात्री ठेवली की चालू. तसं केलं आणि काही झालं नाही. पुढच्या सालीही झालं नाही. माल माघारी आला नाही.

मग गावात एकेकाला जाळ्या बसत गेल्या. दवाखान्यातून घरी आलेला माणूस चार दिवसांनी हंबीररावांकडं यायचा, आणि ते आपला नियम सांगायचे. कुणी त्याला हंबीररावांचा नियम म्हणत नव्हतं. छाटणीतली पद्धत म्हणत.

कोंडीबा त्यांच्या बांधाला बांध असलेला, शाळा एकत्र सोडलेला, एकाच रोपवाटिकेतून पहिली रोपं आणलेला. त्याला जाळी बसली या उन्हाळ्यात. गेल्या आठवड्यात भाऊसोच्या शेती-औषधांच्या दुकानात बैठक जमली होती, तिथं कोंडीबानं विषय काढला. त्याची छाटणी सुरू व्हायची होती.

“डॉक्टर म्हनतुया, वरीसभर एक दिस सोडायची न्हाई. काय करू रं?”

“त्या डॉक्टरनं कवा कात्री धरलीया?” हंबीरराव म्हणाले होते.

दुकान हसलं. कोंडीबा सगळ्यांत मोठ्यानं हसला. “तू हाईस म्हनून बरं गड्या. न्हाईतर ह्या डॉक्टरांनी आमची बाग वाळीवली असती.” भाऊसोनं चहा सांगितला. हंबीररावांनी बशीत ओतून फुंकर मारत तो सावकाश प्यायला होता. तो चहा त्यांना आता आठवला. गोड जास्त होता.

वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. मनगटावर हवा भरलेला पारदर्शक पट्टा आवळलेला होता. हात उचलायचा नाही, जोर द्यायचा नाही, असं सांगून नर्स प्रियंका गेली. मुलगा शिवतेज स्टुलावर बसून मोबाईल चाळत होता. बापाची गाडी आणि बाग दोन्ही तोच बघायचा. पण बापाच्या शब्दाबाहेर नाही.

“आबा, म्याडम म्हनल्या, गोळी बदलनार. कडक देत्यात म्हनं. रगात वाहन्याची भीती हाय म्हनून सही घेतली माझी.”

“हं.”

“आतला व्हिडिओबी दिलाय मला. काय यंत्र हाय ओ. गावच्या ग्रुपवर टाकू का? लोक इचारत्यात सारखं.”

“नगं.”

“का ओ? चांगलं हाय की. समद्यांनी बघितलं असतं.”

“नगं म्हनलं न्हवं.”

शिवतेजनं खांदे उडवले. मग तो हसून म्हणाला, “समद्यांचं निरोप आलं, कोंडीबाकाकाचं मात्र कायबी न्हाई. एरवी ग्रुपवर पैला अंगठा त्येचाच आसतुय.”

हंबीररावांनी मान खिडकीकडं वळवली. बाहेर ऊन स्वच्छ होतं. छाटणीला याहून चांगला दिवस मिळाला नसता. या घडीला मळेवाडीत कुणाच्या कुणाच्या हातात कात्री असेल, ते त्यांच्या मनानं रानाच्या पट्टीपट्टीनं धरायला घेतलं. विहिरीकडच्या अंगाला भाऊसोचा चुलता, ओढ्याला लागून हणमंता. त्यांच्या जाळ्या जुन्या. मधे कोंडीबा.

सांगायला तर पाहिजेच होतं. कसं, ते ठरेना. मी चुकलो, असं म्हणायला तोंड उघडेना. शिवतेजच्या हातून निरोप धाडावा तर तो विचारणार, का. आणि आज रात्री जेवताना घरात, उद्या सकाळी दुकानात तेच निघणार. हंबीररावांनी मनातल्या मनात वाक्य जुळवलं. नवीन माहिती आलीया. औषध कंपन्यांची अशी माहिती येते, मात्रा बदलतात, मुदती बदलतात. मग ते गावात सांगतात आणि लोक मानतात. त्यात कुणाची चूक नसते.

“कोंड्याला फोन लाव,” ते म्हणाले.

“आत्ता? म्याडमनी बोलू नगा म्हनून सांगितलंय. काय सांगायचं त्ये सांगा, मी सांगतो.”

हंबीररावांनी पोराकडं पाहिलं.

“ऱ्हाऊ दे मग. जेवल्यावर बघू.”

जेवण आलं. मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण. शिवतेज चमच्यानं भरवत होता. दोन घासांनंतर त्याचा हात थांबला. चादरीवर लाल डाग होता, रुपयाएवढा. मनगटाचा पट्टा कोरडा होता. वाहत होता तो अंगठा. पट्टी भिजून बाजूला सरकली होती आणि खपली कधी निघाली, कुणाला कळलं नव्हतं.

प्रियंका आली. तिनं नवी पट्टी लावली. “इंजेक्शन दिलंय ना काका, आता थोडं येतच राहणार. घाबरू नका.” ती वळली आणि नव्या पट्टीच्या मध्यावर टिपका उमटला. तो हंबीररावांच्या देखत मोठा होत गेला.

दोन पंचे भिजले होते त्या साली, आणि आपण त्यालाच घाबरलो होतो. थांबत नव्हतं, म्हणून घाबरलो होतो.

“च्या घिऊन ये,” ते शिवतेजला म्हणाले. “अन् फोन हितं ठिव.”

“आवं, भात तर—”

“च्या पायजे मला.”

शिवतेज गेला. हंबीररावांनी डाव्या हातानं फोन उशीवर घेतला आणि कोंडीबाचा नंबर शोधला. घंटी वाजत राहिली, वाजून बंद झाली. त्यांनी पुन्हा लावला. या खेपेला कुणीतरी उचलला. पलीकडं बायांचा गलका होता.

“आवं भाऊजी, तुमी व्हय? झालं का तपासून?” बनुबाईचा, कोंडीबाच्या बायकोचा आवाज होता.

“झालं. कोंडीबा कुठाय?”

“बागंत. फोन हितं शेडातच ठिवून गेल्यात. म्या पैल्या पंगतीच्या बायकांना भाकरी वाढतीया.”

“वैनी, तेला म्हनावं, पातळ करायची गोळी घे. आत्ताच्या आत्ता.”

“आत्ता? बागंची वरची पट्टी ऱ्हायलीया की अजून.” बनुबाई हसली. “तुमीच न्हवं का सांगितलं? म्या तर डबीच वर फळीवर ठिवलीया, चुकून खातील म्हनून.”

“नवीन माहिती आलीया,” हंबीरराव म्हणाले. जुळवलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं, तेव्हा ते त्यांना दुसऱ्याच कुणाचंतरी वाटलं. “म्हनावं, हंबीरराव सांगत्यात.”

“सांगते की. तसं तेंचंबी आज कायतरी बिनसलंय बघा. सकाळधरनं हात भरून आलाय म्हनत्यात. डावा. म्या म्हनलं, कात्री उजव्या हातात अन् दुखतुया डावा, ह्यो कसला न्यारा हात तुमचा. हासलं अन् गेलं.”

हंबीरराव उठून बसायला गेले. मनगटाच्या पट्ट्यानं त्यांना आठवण करून दिली. ते परत उशीवर आले, पण फोन कानापासून हलला नाही.

“वैनी, हाताचं ऱ्हाऊ द्या. फोन घिऊन तेच्याकडं जा.”

“आवं, ह्या बायका भाकरीला—”

“जा म्हनतो. फोन बंद करू नगा. तसाच धरून चाला.”

त्यांच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक. बनुबाईनं पुढं विचारलं नाही. ताट ठेवल्याचा आवाज आला. मग पायाखाली छाटलेल्या काड्या मोडत गेल्या, तशी ती चालत असल्याचं कळत होतं. मांडवाखाली आल्यावर आवाज बदलला, जवळ आला. चारी बाजूंनी कात्र्या चालल्या होत्या. बारीक, कोरडा, एकमेकांत मिसळलेला आवाज. हंबीररावांनी आयुष्यभर तो ऐकला होता. डोळे मिटले तर कोण जुना गडी आणि कोण नवखा, एवढं त्यांना त्यातून कळत असे. आता ते एकच कात्री शोधत होते. कोंडीबाची स्प्रिंग सैल होती, प्रत्येक कापानंतर ती किंचित किरकिरायची. बदल म्हणून ते त्याला दरसाल सांगत आणि तो बदलत नसे.

ती ऐकू येत नव्हती.

“आवं,” बनुबाई हाका मारत होती. नवऱ्याचं नाव ती घेत नव्हती. तिच्या पिढीतल्या बायका घेत नाहीत. “आवं, ऐकलं का… हंबीरभाऊजींचा फोन हाय…”

कुणीतरी बाई लांबून म्हणाली, “मालक मगा ह्या वळीला हुतं. पानी प्याया गेलं आसतील.”

“पानी तर शेडात हाय. म्या शेडातनंच आले.” काड्या पुन्हा मोडत गेल्या, जरा घाईनं. “हितपत्तोर छाटलंया बघा भाऊजी. फुडची वेल तशीच हाय.” ती थांबली. तिचा श्वास फोनमध्ये ऐकू येत होता. “कात्री हितं तारंला अडकीवलीया.”

ओळ पुरी केल्याशिवाय कोंडीबानं कात्री कधी ठेवली नव्हती. विड्या ओढायचा तेव्हासुद्धा तोंडातल्या तोंडात ओढायचा, हात चालू ठेवून.

“आवं,” बनुबाईनं पुन्हा हाक मारली. या वेळी आवाज खालच्या दिशेनं गेला, वाकून वेलींच्या बुंध्यातून पलीकडं बघितल्यासारखा.

शिवतेज दोन्ही हातांत कागदी कप धरून दारात आला. बापाच्या कानाला फोन बघून त्याच्या कपाळावर आठी पडली. चादरीवर अंगठ्याखालचा डाग आता तळव्याएवढा झाला होता.

“डॉक्टरीणबाईंना बोलीव,” हंबीरराव म्हणाले.

“काय झालं? दुखतंय का?”

“तेन्ला सांग, गोळी बंद हुती.”

शिवतेज कप घेऊन तसाच उभा राहिला.

“कुनाची?”

हंबीररावांनी फोन कानाशी आणखी दाबला. फोनमध्ये बनुबाईच्या हाका थांबल्या होत्या. काड्या मोडल्याचा आवाजही थांबला होता. जवळच्या ओळीतल्या कात्र्या थांबल्या. मग तिच्या पलीकडच्या ओळीतल्या. मग विहिरीकडच्या अंगाच्या. बागेच्या पार टोकाला एक कात्री तेवढी अजून चालू होती, ज्याला अजून काही कळलं नव्हतं अशा कुणाची तरी. हंबीरराव तीच ऐकत राहिले. थोड्या वेळानं तीही थांबली.